कुंकवावरचा डाग

"उतरला! सूर्यनारायण ताटात उतरला!"

पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली आणि पन्नास-साठ बायकांनी एकदम हात जोडले. दिल्लीतल्या लष्करी छावणीजवळ एक बंद पडलेला बँक्वेट हॉल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर, सगळ्या खिडक्यांना आणि गच्चीच्या दाराला काळे पडदे लावून केलेल्या अंधारात आम्ही जमलो होतो. समोर चौरंग, चौरंगावर परातीएवढं ताट, ताटात कुंकवाच्या पाण्यात रंगवलेला कागद. त्या कागदावर आता खरोखरच एक तांबडालाल, वाटोळा, कडेने किंचित थरथरणारा सूर्य येऊन बसला होता. एखाद्या सवाष्णीचं ठसठशीत कुंकू असावं तसा. आणि त्या कुंकवात तिळाएवढे दोन काळे डाग होते.

"बघा, मातांनो," भास्करनाथ महाराज इतक्या हळू बोलले की सगळ्या पुढे वाकल्या. "हे आकाशातलं कुंकू. तुमच्या कपाळावरचं कुंकू ह्याचीच सावली. वर डाग पडला की खाली काय होतं, ते मी तोंडाने बोलणार नाही. तुम्ही फौजी घरातल्या बायका. तुम्हाला मी काय सांगू?"

तिथल्या प्रत्येकीचा नवरा बर्फात नाहीतर वाळूत कुठेतरी पहाऱ्यावर होता, आणि महाराज चक्क मराठीत बोलत होते. घरापासून इतक्या लांब आपल्या भाषेत घाबरवणारा माणूस भेटला, की भीती जास्त खरी वाटते.

मी पद्मजा. करोल बागेत राहते. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि आता दर रविवारी छावणीतल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. त्या दिवशी, संक्रांतीच्या बुधवारी, मुलांना तिळगूळ द्यायला छावणीत गेले, तेव्हा ममता मला ओढून इथे घेऊन आली. ममता म्हणजे एका सुभेदाराची बायको आणि महाराजांचं चालतंबोलतं जाहिरातपत्रक.

"बाई, तुमचं सायन्स एक दिवस बाजूला ठेवा," ती म्हणाली होती. "माझा डाग सात दिवसांत गेला. गेलेला मी स्वतः ताटात बघितला."

मला त्यात चमत्कार कसा दिसावा? हाच सूर्य मी रोज सकाळी माझ्या गच्चीवर कागदावर उतरवते. लहानशी दुर्बीण सूर्याकडे रोखायची, तिला डोळा चुकूनही लावायचा नाही, आणि मागे वीतभर अंतरावर पांढरा कागद धरायचा. कागदावर सूर्य येतो, डागांसकट. कंपासने काढलेल्या वर्तुळात ते डाग मी पेन्सिलीने टिपते. निवृत्तीनंतर या छंदापायी सहा वह्या भरल्यात. महाराजांची दुर्बीण पडद्याच्या भोकापलीकडे गच्चीवर होती, एवढाच काय तो फरक. दर दोन मिनिटांनी सूर्य ताटाच्या काठाकडे सरकायचा आणि मग दचकल्यासारखा मध्ये यायचा. पृथ्वी फिरते, म्हणून तो सरकणारच. बाहेर कोणीतरी नळी ढकलून जागेवर आणत होतं.

"सूर्यनारायण रथावर आहेत," महाराज म्हणाले. "घोडे ओढतात, म्हणून हलतात."

पडद्याच्या खालच्या फटीतून मला त्या घोड्याच्या रबरी चपला दिसत होत्या.

मग एकेकीला आतल्या खोलीत बोलावणं सुरू झालं. मीही उठले, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या शिष्याने हात आडवा घातला.

"सवाष्ण आहात?"

"होते. सहा वर्षांपूर्वीपर्यंत."

"मग बाहेर बसा, माताजी. तुमच्यासाठी सूर्यात काही नाही."

मला हसू आलं. चला, निदान आपल्या वाटचा डाग तरी वाचला, असं मनाशी म्हणत मी मेट्रो धरली आणि घरी आले. आत त्या बायकांना काय सांगतात, हे मी कोणालाच विचारलं नाही. भोंदू ओळखला की आपलं काम संपलं, असा आम्हा शहाण्या माणसांचा एक गर्व असतो. तो नडला, आणि नडला तो दुसरीलाच.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी शिवांजलीचा फोन आला. ही माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी.

"मॅम, आई बिल्कुल ठीक नाहीये. माझ्याशी बोलते ना, तर माझ्या कानाकडे बघते. काल तवा गॅसच्या बाजूला ठेवला, बर्नरवर नाही. पप्पांचा मेसेज आला का, ते पण मीच वाचायचं. म्हणते, अक्षरं बीच में से गायब होतात."

"कधीपासून?"

"पाच-सहा दिवस. मॅम, आईला सांगू नका हां मी फोन केला. तिने प्रॉमिस घेतलंय."

मी तशीच निघाले. काय सुचलं कोण जाणे, चालू वही पिशवीत टाकली. छावणीतल्या क्वार्टर्सपाशी पोचले तेव्हा बारा वाजत होते. जानेवारीतली दिल्ली ती. धुरकट आभाळात सूर्य चंद्रासारखा फिका लटकत होता. याच्याकडे खुशाल बघता येईल असं वाटायला लावणारा हा सूर्य सगळ्यांत वाईट, कारण झगमगाट कमी झाला म्हणून त्याची भाजायची ताकद संपत नाही.

वर पाहिलं आणि माझे पायच थबकले. समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर एक बाई मान वर करून उभी होती. पलीकडच्या गच्चीवर दुसरी. पाण्याच्या टाकीआड तिसरी. कोणी हलत नव्हतं, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हिवाळ्यात इथे दुपारी सगळेच उन्हाला गच्चीवर येतात, म्हणून कोणाला संशय आला नव्हता.

शिवांजलीची आई विजयमाला तिच्या गच्चीवर एकटीच होती. डोळे सताड उघडे, गालांवरून पाणी वाहतंय, ओठांवर सूर्याची नावं. मी धावत जाऊन माझा पदर तिच्या तोंडावर धरला.

"बाई? तुम्हीच ना? आवाज ऐकला असता तर नक्की कळलं असतं." ती माझ्या खांद्याकडे बघून हसली. "आला, बाई. चौथ्या दिवशीच आला. डोळे उघडे असले तरी असतो, मिटले तरी असतो. बरोब्बर मधोमध. महाराज म्हणाले होते, ह्यांच्या कुंकवावरचा डाग तुझ्या डोळ्यात उतरेल. उतरला म्हणजे हे सुटले."

तिचा नवरा संपतराव हवालदार. सीमेवरच्या एका चौकीवर होता आणि सतरा दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

"विजयमाला, हा कुठला डाग नाही. डोळ्याच्या आतला पडदा भाजलाय तुझा. भिंगाने कागद जळतो ना, तसा."

"भाजू दे. आज नववा दिवस. एकशेआठ नावं होईस्तोवर पापणी लववायची नाही, एवढंच तर आहे. अजून दोन दिवस. रविवारी रथसप्तमीला उद्यापन. मंगळसूत्राच्या वाट्या महाराजांच्या हाताने सूर्याला दाखवायच्या, की संपलं."

"मध्येच सोडलंस तर?"

"डाग ह्यांच्यावर परत जातो. आणि कुणा सवाष्णीला सांगितलं, तर ऐकणारीच्या कुंकवावर जातो. म्हणून ममतावहिनींना पण बोलले नाही. तुम्हाला सांगितलं, कारण..."

"कारण माझं कुंकू आधीच गेलंय."

"रागावू नका ना, बाई."

राग तिचा नव्हता. राग त्या कुलपाचा होता. शेजारणीचं वाईट होऊ नये म्हणून प्रत्येकीने तोंड मिटलं होतं. महाराजांनी त्यांच्या चांगुलपणाचीच कडी करून दाराला लावली होती.

"चल, आत्ता हॉस्पिटलमध्ये चल."

"दोन दिवस थांबा, मग म्हणाल तिथे येते." तिचा आवाज चढला. "तुमच्या सायन्सने आमचे हे घरी येणार आहेत का? देता गॅरंटी?"

मी गॅरंटी देऊ शकत नव्हते. दोन दिवसांत उरलीसुरली नजर जाणार, एवढंच मला माहीत होतं.

त्याच दिवशी चार वाजता ममताकडे हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत छावणीतल्या मराठी घरांत रोज कुठे ना कुठे असतंच, आणि मला कोणी बोलावत नाही. बायका चांगल्या आहेत, रीत तशी आहे. मी न बोलावता गेले. शिवांजलीच्या चित्रकलेच्या वहीची पानं आणि तिचा कंपास घेऊन बसून मी पंधरा वर्तुळं काढली होती. ममताने दार उघडलं आणि तिच्या हातातली अत्तरदाणी तशीच राहिली.

"बाई, आज... आज हळदीकुंकू आहे."

"माहीत आहे. मी कुंकू घ्यायला आले नाही, कागद वाटायला आलेय."

आत बारा-तेरा जणी होत्या, त्यांत विजयमालाही. वाण लुटायला स्टीलच्या डब्या मांडलेल्या होत्या. मी प्रत्येकीच्या हातात एक कागद आणि पेन्सिल दिली.

"हा सूर्य. ज्यांना महाराजांनी आतल्या खोलीत डाग दाखवला, त्यांनी पहिल्या दिवशी तो जिथे होता तिथे काढायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. महाराजांनी सांगायला मनाई केलीय, काढायला नाही."

मग एकीने पेन्सिल टेकवली, तिचं बघून दुसरीने. विजयमालाने मान वाकडी करून, कागद डोळ्यांच्या कडेला धरून काढलं. मी कागद गोळा केले आणि डब्या सरकवून सतरंजीवर ओळीने मांडले.

नऊ कागदांवर दोन तीळ होते. एक मोठा, त्याच्या मागे एक लहान, काठापासून बोटभर आत. सगळ्यांवर तेच.

मग मी माझी वही उघडून त्यांच्या शेजारी ठेवली. "संक्रांत, बुधवार, सकाळी दहा. हा मी माझ्या गच्चीवरून काढलाय. मोठा तीळ, लहान तीळ, काठापासून बोटभर आत. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. आता सांगा, हा डाग कुणाच्या कुंकवावरचा?"

"अगं, हा तर माझाच..." एक म्हणाली.

"तुला पण हाच दाखवला?"

"मला म्हणाले, फक्त तुझ्याच मालकांचा आहे!"

नऊ दिवस मिटलेली तोंडं उघडली ती उघडलीच. मी तो गलका थांबवला नाही. ओसरल्यावर मात्र सांगितलं, अगदी पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं. सूर्यावरचा थोडा कमी तापलेला भाग आजूबाजूच्या झगमगाटात काळा दिसतो, तोच डाग. आपली अख्खी पृथ्वी मावेल एवढेही डाग असतात, आणि सध्या सूर्यावर ते जास्त असण्याची वर्षं आहेत. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग एका काठाने येतो, दोनेक आठवड्यांत दुसऱ्या काठाआड जातो.

"तुम्हाला अकरा दिवस का सांगितले? संक्रांतीला डाग अलीकडच्या काठापाशी होता, रथसप्तमीला तो पलीकडच्या काठाआड जाणार आहे. व्रत करा नाहीतर रजई ओढून झोपा, रविवारी ताटात तो नसणार. ममताचा डाग डिसेंबरातला." मी मागची पानं उलटली. "हा बघा. तो सूर्याच्या मधोमध होता, म्हणून तिला सातच दिवस. मधून काठ गाठायला एक आठवडा लागतो. आणि पंधरा दिवसांनी तोच डाग पहिल्या काठाने परत उगवला असता, तर महाराज म्हणाले असते, कुठेतरी तुझी चूक झाली, माते. पुन्हा बघ सूर्याकडे."

"नाही हां, बाई!" ममता उसळली. "माझा डाग व्रतानेच..." आणि ती मध्येच थांबली. तिने अत्तरदाणी खाली ठेवली.

"मी डोळे मिटले होते."

"काय?"

"सातही दिवस. फार भीती वाटली मला. गच्चीवर जायचे, तोंड वर करायचे, डोळे गच्च मिटून नावं म्हणायचे. वाटलं, उद्यापनाला डाग तसाच असेल आणि महाराज ओळखतील. पण डाग गेला होता. मग मी... मग आता कुणाला काय सांगणार? झाकली मूठ ठेवली."

"मिटले होते?" विजयमालाने विचारलं. तिने चेहरा ममताकडे केला, पण नजर दुसरीकडेच होती. "वहिनी, मला तिथे तुम्हीच नेलंत ना?"

ममता ओक्साबोक्शी रडायला लागली. विजयमाला रडली नाही. तिने हात पुढे करून चाचपडत माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "चला बाई, हॉस्पिटलमध्ये."

निघताना माझं लक्ष ममताच्या गळ्याकडे गेलं. मंगळसूत्राच्या वाट्यांखाली कातडीवर हिरवट वळ उमटला होता. सोन्याने वळ उमटत नाही, पितळेने उमटतो. उद्यापनाच्या अंधारात महाराजांनी वाट्या बदलून दिल्या होत्या आणि ममताने विश्वासाने पुन्हा पाहिल्याही नव्हत्या. तेव्हा कुठे मला त्या व्रताचा अर्थ नीट लागला. डोळ्यांसमोर काळा ठिपका घेऊन जी उद्यापनाला येणार, तिला सोनं आणि पितळ वेगळं दिसणारच नाही. वर ती आपला डोळा गेल्याबद्दल त्या माणसाच्या पायाही पडणार.

रविवारी रथसप्तमीला आम्ही सगळ्या हॉलवर गेलो. त्या नऊजणींपैकी एकीनेही गुरुवारनंतर सूर्याकडे पाहिलं नव्हतं. ममताने वाट्यांची तक्रार केली होती, म्हणून आमच्यात दोन पोलीस बायका साध्या साडीत बसल्या होत्या. महाराजांनी सूर्य उतरवला. ताटात तांबडं कुंकू आलं, स्वच्छ, एक तीळही नाही.

"पाहिलंत? तुमच्या तपाने आकाश धुऊन निघालं!" महाराजांनी हात उंचावले. "आता वाट्या काढा. सूर्यनारायण सोनं मागत नाहीत, फक्त बघतात. पतिव्रतेच्या..."

"आम्ही व्रत गुरुवारीच मोडलं," रांगेतून ममता उभी राहून म्हणाली. "मग डाग कसा गेला?"

मी मागच्या पडद्यापाशी गेले आणि तो दोन्ही हातांनी ओढला. ऊन धाडकन आत आलं आणि ताटातला सूर्य त्यात विरून गेला. बाहेर तिकाटण्यावर एक लहानशी दुर्बीण, तिच्यापाशी रबरी चपला घातलेला ढेरपोट्या शिष्य. त्याच्या मोबाइलवर त्या दिवशीच्या सूर्याचा फोटो उघडा होता. असे फोटो शास्त्रज्ञ रोज सगळ्या जगासाठी फुकट टाकतात. कोणता डाग कधी मावळणार हे त्यावरून शाळकरी मुलगीही सांगेल. त्याच्या पायाशी पितळी वाट्यांनी भरलेला डबा होता. मी दुर्बिणीला बोटाने ढकललं, तशी मागच्या भिंतीवर सूर्याची फिकट चकती सर्रकन पळाली.

"पाखंडी बाई!" महाराज ओरडले. "सूर्यनारायण तुला आंधळी करतील!"

"ते काम तुम्ही करताय," मी म्हणाले. पोलीस बायकांनी त्यांना जिन्यावरून खाली नेलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला लिहायला बरं वाटलं असतं. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी विजयमालाचे डोळे तपासून सांगितलं होतं, "पडद्याचा मधला भाग भाजलाय. नेमका तोच भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो. याला औषध नाही, वाट बघायची. काहींचं काही महिन्यांत सुधारतं. काहींचं राहून जातं." बाकीच्या आठजणी अधूनमधून पापणी लववत होत्या, त्यांना कमी लागलं होतं. विजयमालाने नऊ दिवस पापणी लववली नव्हती. तिचं प्रेम जास्त, म्हणून जखम जास्त.

मंगळवारी मी तिच्याकडे बसले होते, तेव्हा फोन वाजला. संपतराव. बर्फात टॉवर बंद पडला होता, इतकंच. माणूस ठणठणीत होता आणि थंडीला शिव्या घालत होता. शिवांजलीने व्हिडिओ चालू करून फोन आईच्या हातात दिला. विजयमालाने तो जवळ धरला, लांब धरला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

"काय गं, कुठे बघतेस?" तो हसत होता. "इकडे बघ ना, माझ्याकडे."

"तुमच्याकडेच बघतेय की," ती म्हणाली. "बारीक झालात."

फोन ठेवल्यावर तिने तो शिवांजलीकडे दिला. मग मला म्हणाली, "टोपी दिसली, बाई. कान दिसले. खांद्यावरची फीत दिसली. मधे तेवढं काही नाही."

शिवांजली तिच्या कुशीत शिरली.

थोड्या वेळाने विजयमालाने डोळे पुसले. "तुम्ही हे लिहून काढा," ती म्हणाली. "माझं नाव घालून लिहा. आणि असं लिहा, की जो कुणी सांगेल, ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, नाहीतर वाईट होईल, ती गोष्ट त्याच संध्याकाळी शेजारणीला जाऊन सांगा. तिला काय सांगितलं ते विचारा. डॉक्टरांना विचारा, शाळेतल्या बाईंना विचारा, पोरांना विचारा. मी पहिल्या दिवशी भिंतीपलीकडच्या बाईला एवढं विचारलं असतं, 'तुला काय दाखवलं गं?', तर मला आज ह्यांचं तोंड दिसलं असतं."